वंशसंहाराची पुस्तकं शाळेच्या कपाटात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, एक खोली, अकरा कपाटं. खालचे प्रश्न बहुतेक दुसऱ्या शाळांतल्या ग्रंथपाल मैत्रिणींनी फोनवर विचारलेले आहेत, काही पालकांनी दारात उभं राहून विचारलेत आणि दोन-तीन मुलांचे आहेत. उत्तरं माझ्या कपाटांपुरती. तुमच्या शाळेला ती जशीच्या तशी लागू होतील असा दावा नाही.

मुलांना कशाला हे असलं वाचायला द्यायचं? हसू-खेळू द्या की त्यांना.

हसतात, खेळतात. पण हिटलर त्यांना आमच्या कपाटाआधीच भेटलेला असतो. सहावीतल्या मुलाच्या घरच्या फोनवर त्याच्या मिशीचे विनोद असतात. "या देशाला हिटलरच पाहिजे" हे वाक्य जेवताना कानावर पडलेलं असतं. एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर त्याचंच 'माझा लढा' यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं. म्हणजे मारणाऱ्याची बाजू त्यांच्यापर्यंत पोचलेलीच आहे. ज्यांना मारलं त्यांची पोचलेली नाही, आणि ती पोचवायला मुलांच्या आसपास शाळेच्या ग्रंथालयाशिवाय फारसं कुणी नसतं.

वंशसंहार म्हणजे नेमकं काय? युद्धात माणसं मरतातच, दंगलीतही मरतात.

हा प्रश्न एका आठवीतल्या मुलाचा आहे, आणि पुस्तक निवडण्याआधी त्याचं उत्तर आपल्यालाच यायला हवं.

राफाएल लेमकिन नावाचा एक पोलिश ज्यू वकील होता. एका माणसाला मारलं तर खून, मग एका अख्ख्या समाजाला संपवायला काढलं तर त्या गुन्ह्याला नाव काय, हा प्रश्न त्याला छळत होता. त्याने ग्रीक आणि लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून 'जेनोसाइड' हा शब्द घडवला आणि तो १९४४ मध्ये छापून आला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला. भारताने त्याला १९५९ मध्ये मान्यता दिली. करारात गट चारच आहेत: राष्ट्रीय, वांशिक, वर्णाने ओळखला जाणारा आणि धार्मिक. असा गट पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायचा *हेतू* हा त्याचा गाभा. कृत्यांत फक्त ठार मारणं येत नाही. गटात मुलं जन्मू नयेत अशी तजवीज करणं येतं, त्या गटाची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेऊन टाकणंही येतं. या शेवटच्या कलमाशी वर्गातली मुलं थबकतात. "म्हणजे मारलं नाही तरी?" हो, तरी.

मराठीत वंशसंहार आणि नरसंहार हे दोन्ही शब्द चालतात. मी पहिला वापरते. नरसंहारात माणसं मेली एवढंच कळतं, कोण म्हणून मेली ते कळत नाही.

कितव्या इयत्तेपासून द्यावीत?

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार) स्मृती संग्रहालयाचा शिक्षकांना सल्ला आहे की साधारण सहावीपासून पुढे. माझा अनुभवही त्याच्या जवळपास जातो, पण मी इयत्तेपेक्षा दोन गोष्टी बघते. मुलाने याआधी दुःखाचं एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय का? आणि वाचून झाल्यावर ते कुणाशी तरी बोलणार आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते बोलणारं माणूस मी असते. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं देता येणार नसतील त्या आठवड्यात मी हे पुस्तक देत नाही, सरळ सांगायचं तर.

पाचवीला छळछावणी नको. पाचवीला घर सोडावं लागलेल्या मुलाची गोष्ट चालते.

पहिलं पुस्तक कोणतं?

ॲन फ्रँकची डायरी, नाझींपासून लपून राहिलेल्या एका ज्यू मुलीची. उत्तर घासून गुळगुळीत झालंय हे मान्य, पण दुसरं मिळत नाही. मराठीत अनुवाद मिळतात, लिहिणारी मुलगी वाचणाऱ्यांच्याच वयाची आहे आणि पुस्तकातलं बरंचसं भांडण आईशी आहे. सातवीतली मुलगी पहिल्या वीस पानांत "ही माझ्यासारखीच आहे" असं म्हणते, आणि तिथून पुढे तिला कुणी काही शिकवावं लागत नाही.

पण एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी सातवीतल्या एका मुलीला डायरी दिली आणि काहीच सांगितलं नाही. मला वाटलं, शेवट आधी सांगितला तर मजा जाईल. आठ दिवसांनी ती पुस्तक घेऊन आली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाई, याची शेवटची पानं कुणीतरी फाडलीत." आमच्याकडे पानं फाडली जातात, त्यामुळे मीही शेवट उघडून बघितला. फाडलेली नव्हती. १ ऑगस्ट १९४४ ची नोंद होती आणि तिथे डायरी संपत होती. ४ ऑगस्टला पोलीस आले. आमच्या त्या जुन्या स्वस्त प्रतीत पुढे काय झालं याची एक ओळ नव्हती. ती मुलगी पुढची डायरी मागत होती. सुट्टी संपल्याची घंटा वाजत असताना, कपाटाशी उभं राहून, मला ते सांगावं लागलं. मी घाईत सांगितलं. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि वर्गात निघून गेली. त्या सत्रात ती परत ग्रंथालयात आली नाही.

तेव्हापासून डायरी देताना मी शेवट आधी सांगते. ॲमस्टरडॅममधल्या कचेरीच्या मागच्या भागात आठ माणसं दोन वर्षं लपली होती, त्यांतला एकटा ॲनचा बाप परत आला, ॲन १९४५ च्या सुरुवातीला बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत वारली, पंधरा वर्षांची होती. वाचनाची मजा अजिबात जात नाही. उलट मुलं तिची थट्टा-मस्करी जास्त लक्ष देऊन वाचतात.

डायरीची कोणती आवृत्ती घ्यावी?

ॲनच्या वडिलांनी १९४७ मध्ये ती पहिल्यांदा छापली तेव्हा काही भाग गाळला होता: आईवरचे कडवट परिच्छेद, स्वतःच्या शरीराबद्दलच्या नोंदी. नव्वदीच्या दशकात आलेल्या विस्तृत आवृत्तीत ते परत आले. मराठी अनुवाद कोणत्या इंग्रजी प्रतीवरून झालाय हे प्रस्तावनेत बघा. माझ्याकडे दोन्ही आहेत. लहान आवृत्ती सातवीला, मोठी नववीनंतर. मोठी वाचलेल्या एका मुलीने मला विचारलं, "बाबांनी का काढलं?" त्यावर आमची जी चर्चा झाली ती मी शाळेत केलेल्या उत्तम चर्चांपैकी एक होती, पण ती इथे लिहिण्यासारखी नाही.

एवढं नक्की बघा की डायरीमागे 'पुढे काय झालं' हे सांगणारी पानं आहेत. नसतील तर अर्ध्या कागदावर लिहून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा. कोण पकडलं गेलं, कोण कुठे गेलं, डायरीची पानं मीप खीस या कचेरीतल्या बाईंनी जमिनीवरून उचलून खणात कशी ठेवली, हे सगळं त्यात मावतं.

त्यानंतर काय?

इंग्रजी झेपत असेल तर सहावी-सातवीला लोइस लॉरीची 'नंबर द स्टार्स'. डेन्मार्कची गोष्ट. १९४३ च्या ऑक्टोबरात तिथल्या कोळ्यांनी आणि सामान्य लोकांनी सात हजारांहून जास्त ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं. कोकणातल्या मुलांना ही गोष्ट चटकन कळते, होडीच्या तळाशी माणूस लपवता येतो का यावर तासभर वाद घालतात.

एली विझेलची 'नाइट' दहावीच्या आधी देऊ नका. पानं थोडी आहेत म्हणून हलकं पुस्तक समजून लोक आठवीला देतात. १९४४ च्या मे महिन्यात विझेलला कुटुंबासह ऑश्विट्झच्या नाझी छावणीत नेलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्यात एका लहान मुलाला फाशी देण्याचा प्रसंग आहे आणि आजारी बाप मरत असताना मुलाच्या मनात काय आलं ते आहे. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जड जाते.

'माउस' हे चित्रकथेचं पुस्तक. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. चित्रं आहेत म्हणून ते बालविभागात गेलेलं मी स्वतः पाहिलंय. नववीनंतर, आणि तेही ज्याला चित्रं *वाचता* येतात अशा मुलाला. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका जिल्ह्याच्या शाळा मंडळाने २०२२ मध्ये ते अभ्यासक्रमातून काढलं, कारण दिलं शिव्या आणि एका नग्न चित्राचं. तुमच्याकडे तोच आक्षेप येईल असं गृहीत धरा.

'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' मुलांना फार आवडतं. ठेवू ना?

मी काढलं. भांडण झालं, तरी काढलं.

२००६ ची ही कादंबरी. ऑश्विट्झच्या अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा आणि कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा यांची मैत्री. वाचताना रडू येतं, सिनेमा बघून तर हमखास. अडचण अशी की त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना गाडीतून उतरवल्या दिवशीच गॅस चेंबरमध्ये पाठवलं जाई, रोज कुंपणाशी बसून गप्पा मारायला जवळजवळ कुणी शिल्लक नसे. जर्मन मुलाला ज्यू म्हणजे काय हेच माहीत नसतं हेही खोटं, कारण तेव्हाच्या जर्मन शाळांत तो द्वेष धड्याधड्यांतून शिकवत होते. आणि शेवटी वाचक रडतो कुणासाठी? अधिकाऱ्याच्या मुलासाठी. तो 'चुकून' आत गेला म्हणून. मग बाकीचे काय बरोबर गेले होते?

ऑश्विट्झच्या संग्रहालयानेच जानेवारी २०२० मध्ये जाहीर सांगितलं की होलोकॉस्टचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. ज्या मैत्रिणीशी मी भांडले तिचं म्हणणं होतं की यामुळे निदान विषयाची गोडी लागते. असेल. पण गोडी हा शब्द या विषयाला लागतोच कसा, हे मला तेव्हाही कळलं नाही.

म्हणजे कादंबऱ्या नकोतच?

तसं नाही. कादंबरी हातात घेतली की मी तीन ठिकाणी बोट ठेवून बघते. छावणीत किंवा लपून राहण्याआधी त्या माणसांचं साधं आयुष्य आहे का, म्हणजे घर, शाळा, शुक्रवारचं जेवण? वाचलेला माणूस *कसा* वाचला याचं कारण खरंखुरं वाटतं का? शेवटच्या दहा पानांत सगळे भेटतात का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर पुस्तक परत दुकानात.

ही पुस्तकं 'प्रेरणादायी' कपाटात ठेवली आहेत. बरोबर ना?

नाही. आणि माझं सगळ्यात मोठं भांडण याच कपाटाशी आहे.

आपल्याकडे चरित्र आलं की त्यावर प्रेरणादायीची चिठ्ठी लागते. कार्व्हर तिथे, कलाम तिथे, आणि त्याच ओळीत छळछावणीतून वाचलेला मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल. "बघा, छळछावणीतसुद्धा माणूस जिद्दीने जगला, तुम्हाला गणितात पन्नास मिळवता येत नाहीत?" हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय. फ्रँकलने स्वतः सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की जे सगळ्यात चांगले होते ते परत आले नाहीत. इटालियन रसायनतज्ज्ञ प्रिमो लेवी त्याच्या पुस्तकाची सुरुवातच नशिबाने करतो: आपलं नशीब चांगलं म्हणून आपल्याला ऑश्विट्झला १९४४ मध्ये नेलं, आधी नाही. तोवर मजूर कमी पडू लागले होते आणि कैद्यांना थोडे जास्त दिवस जगवत होते.

जिद्दीने जगले असं मुलांना सांगितलं की मेलेले कमी जिद्दीचे ठरतात. ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. त्यांच्यात जिद्दी माणसं नव्हती?

आता या पुस्तकांसाठी वेगळी फळी आहे. इतिहासाच्या कपाटात, दुसऱ्या महायुद्धाला लागून. दशांश वर्गीकरण पाळत असाल तर ९४०.५३१८. चिठ्ठीवर फक्त 'वंशसंहार आणि आठवणी' लिहिलंय.

मग हिटलरचं चरित्र? मुलं तेच मागतात.

मागतात, खरं आहे. 'माझा लढा' मी शाळेत ठेवत नाही. बंदी म्हणून नव्हे, मुलाला ते टीपांशिवाय वाचून काहीच कळणार नाही आणि मुखपृष्ठ मात्र घरभर मिरवेल, म्हणून. चरित्र ठेवायचं तर आधी अनुक्रमणिका उघडा. शिस्त, वक्तृत्व, रस्ते, रणगाडे यांवर दहा प्रकरणं आणि ज्यूंच्या कत्तलीवर दीड पान, असं असेल तर ते चरित्र नाही, जाहिरात आहे. मराठीत असल्या जाहिराती पुष्कळ आहेत. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हे जाडजूड पुस्तक मी शिक्षकांच्या कपाटात ठेवलंय. दहावीतलं एखादं हट्टी पोर मागतं, त्याला देते. अजून दोघांनीच पूर्ण केलंय.

नेहमी ज्यूंचंच का? जगात दुसरीकडे झालं नाही का?

झालं. रवांडात ७ एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली, बहुतेक तुत्सी या गटाची. शेजाऱ्यांनी मारली, कोयत्यांनी. आधी कित्येक महिने रेडिओवर त्यांना 'इन्येन्झी', म्हणजे झुरळं, म्हणत होते. ओळखपत्रावर गट लिहिलेला असे, त्यामुळे रस्त्यातल्या नाक्यावर कागद बघून निवाडा होई. इमाक्युले इलिबागिझाने आपल्या 'लेफ्ट टू टेल'मध्ये लिहिलंय की ती इतर सात बायकांबरोबर एका पाद्रीबाबांच्या घरातल्या चिमुकल्या न्हाणीघरात ९१ दिवस लपून होती. धार्मिक सूर बराच आहे, काही पानं फार रक्ताळलेली आहेत. दहावीच्या पुढे.

कंबोडियात १९७५ ते १९७९ ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं उपासमार, कष्ट आणि हत्यांत गेली. इथे लेमकिनच्या व्याख्येची कसोटी लागते. मारणारे आणि मरणारे बहुतांश एकाच वंशाचे होते. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने वंशसंहाराचा ठपका ठेवला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत, बाकी मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरले. वादविवाद मंडळाच्या मुलांना हे द्या, आठवडाभर पुरतं. लूंग उंगची 'फर्स्ट दे किल्ड माय फादर' ही पाच वर्षांच्या मुलीच्या नजरेतून सुरू होते, म्हणून ती लहानांसाठी आहे असं समजू नका.

आर्मेनियन लोकांचा १९१५ चा, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साचा जुलै १९९५ चा. यांवर शाळकरी मुलांना देण्याजोगं मराठीत माझ्या हाती काही लागलेलं नाही. अनुवादकांनी मनावर घ्यावं.

फाळणीची पुस्तकं याच फळीवर ठेवायची का?

शेजारच्या फळीवर. कोटीभराहून जास्त माणसं उखडली गेली, कत्तली दोन्हीकडून झाल्या, आणि कायद्याच्या भाषेत त्याला काय म्हणावं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चिठ्ठी लावून आपण तो वाद मिटवू नये. मूल एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे आपणहून हात नेतं, तेवढं अंतर ठेवलं की झालं.

आपल्या भागाशी काही संबंध जोडता येईल का? मुलांना परदेशी नावं लक्षात राहत नाहीत.

ओढूनताणून जोडू नका. पण जे खरे धागे आहेत ते सुंदर आहेत.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, सगळं उभारलं होतं. कोल्हापूरच्या मुलांना हे सांगितलं की ती उठून बसतात. फक्त एक गल्लत टाळा: हे लोक हिटलरच्या छावण्यांतून आलेले नव्हते. स्टालिनच्या सोव्हिएत राजवटीने त्यांना पोलंडातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ते इथे आले. तगून राहिल्याची गोष्ट आहे, पण होलोकॉस्टची नाही.

आकाशवाणीची सकाळची ती तंबोऱ्यावरची सुरावट ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर काउफमान हे ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईला आलेले. मी ती धून मोबाइलवर लावते. मुलांना ओळखीची नसते, शिपाईमामांना असते.

आणि डाकघर. पोलंडात वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, यानुश कोरचाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवत होते. १८ जुलै १९४२ रोजी त्यांनी मुलांकडून रवींद्रनाथांचं 'डाकघर' करून घेतलं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो ते नाटक. चार दिवसांनी घेट्टोतून माणसं न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोरचाक आपल्या दोनशेच्या आसपास मुलांबरोबर त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढले. स्वतःला वाचवायची संधी असताना चढले.

त्यावरून आठवलं: स्नेहसंमेलनात छळछावणीवर नाटुकलं बसवावं म्हणतोय. कसं वाटतं?

नका बसवू. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून मुलं रांगेत उभी करायची, दुसऱ्यांनी शिट्ट्या फुंकायच्या. यातून उपाशी माणसाचं काही कळत नाही, आणि शिपाई झालेल्या मुलांना मात्र भलतीच मजा येते. अभिनयच हवा असेल तर 'डाकघर' करा, आणि पडदा उघडण्याआधी वॉर्साबद्दल चार वाक्यं सांगा.

अनुवाद चांगला आहे हे कसं ओळखायचं?

अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर किंवा निदान आत आहे का बघा. 'संक्षिप्त' शब्द बारीक टायपात कुठे लपलाय का बघा. मग मधलंच एखादं पान मोठ्याने वाचा. छळछावणी आणि मृत्युछावणी यांत फरक केलाय का? पहिलीत राबवून, उपाशी ठेवून मारत, दुसरी मारण्यासाठीच बांधलेली. सगळीकडे 'कॅम्प' लिहून मोकळा झालेला अनुवाद मला नको असतो, कॅम्प म्हटलं की आमच्या मुलांना स्काउट आठवतो.

फोटो असलेली पुस्तकं?

प्रेतांच्या ढिगाऱ्यांचे फोटो शाळेत नकोत. त्या माणसांची परवानगी कुणी घेतली नव्हती. चपलांचे, बॅगांचे, लग्नातले, शाळेतले फोटो असलेलं पुस्तक घ्या.

मूल रडलं, रात्री झोपलं नाही, तर?

रडलं तर रडू द्या, जवळ बसा. झोप उडाली असेल तर पुस्तक काही दिवस माझ्याकडे ठेवायला सांगते. कपाटात परत टाकत नाही, माझ्या खणात, त्याच्या खुणेसकट. बहुतेक मुलं महिन्याभरात मागून नेतात. जी नेत नाहीत त्यांना मी विचारत नाही.

पालक तक्रार घेऊन आले तर?

आधी बसायला सांगा. मग विचारा, पुस्तक वाचलंय का? बहुधा नाही, एखादं पान व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. घरी न्या, वाचा, पुढच्या आठवड्यात बोलू, असं म्हणून देवघेव नोंदवहीत त्यांच्याच नावावर पुस्तक चढवा. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांनी डायरी अशी नेली आणि परत करताना एवढंच म्हणाले, "पोरगी आईला फार टाकून बोलते." तक्रारीचा विषय नंतर निघाला नाही. पण एखाद्या पालकांनी आपल्या मुलाला हे नको असं ठामपणे सांगितलं तर *त्यांच्या* मुलाला देऊ नका. सगळ्यांसाठी कपाट मात्र बंद करू नका. मुख्याध्यापकांना यादी आधीच दाखवून सही घेतलेली असली की बरंच सोपं जातं.

"बाई, हे सगळं खोटं आहे, मी व्हिडिओत बघितलंय." काय सांगू?

चिडू नका. पुरावा दाखवा. ॲनची डायरी बनावट आहे असा कांगावा जुना आहे. नेदरलँडच्या सरकारी युद्धकागदपत्र संस्थेने कागद, शाई, डिंक, हस्ताक्षर सगळं प्रयोगशाळेत तपासून घेतलं आणि १९८६ मध्ये निष्कर्षासकट डायरी छापली. ती खरी ठरली. 'डिंकसुद्धा तपासला' हे वाक्य मुलांवर जेवढं काम करतं तेवढं माझं कुठलंही भाषण करत नाही.

वाचून मुलं एखाद्या जातीधर्माकडे बोट दाखवायला लागली तर?

भीती खरी आहे. "म्हणजे आपल्याकडचे ते लोक..." असं सुरू होतं. मी तेव्हा रवांडाच्या रेडिओवर येते. झुरळ हा शब्द फळ्यावर लिहिते आणि विचारते, आपल्या शाळेत कुणाला कोणत्या प्राण्याच्या नावाने हाक मारतात? पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा आठवी 'ब' खी-खी करत हसली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मला मारतात अशी हाक, सांगू का?" तो सांगत होता तोवर कुणी हसलं नाही. मी फळा पुसला नाही, पुढच्या तासाच्या सरांनी पुसला.

किती पुस्तकं पुरेत? अनुदान तुटपुंजं आहे.

सहा-सात शीर्षकं. डायरीच्या मात्र तीन प्रती, म्हणजे दोन मैत्रिणी एकाच वेळी वाचू शकतात.

जुन्या प्रती बाद कराव्यात का?

पान गहाळ असेल तर लगेच. दुसऱ्या पुस्तकांत मी दोन-चार पानांकडे काणाडोळा करते, इथे नाही. पुठ्ठा सुटला असेल तर शिवून घ्या. आमची ती शेवट नसलेली डायरीची प्रत मी बाद केलेली नाही. मागे निळ्या शाईत लिहिलेला अर्धा कागद डकवलाय, आणि त्या कागदाखाली कुणीतरी पेन्सिलने 'आता कळलं' असं लिहून ठेवलंय. पुस्तकात लिहायला आमच्याकडे दंड आहे. हा वसूल करायचा राहिलाय.